एएलएससाठी देणगी: सरसकट, अटीवर की दुसऱ्या संस्थेला?

२०१४ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत डोक्यावर बर्फाचं पाणी ओतून घ्यायची आणि देणगी द्यायची लाट आली आणि एएलएस (हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या चेतापेशी मरत जाण्याचा आजार) या आजारासाठी काम करणाऱ्या एएलएस असोसिएशनकडे ११ कोटी डॉलरच्या वर रक्कम जमली. सिनसिनाटीच्या कॅथलिक धर्मप्रांताने मात्र आपल्या शाळांना कळवलं: पाणी खुशाल ओता, पैसे तिकडे पाठवू नका. त्याऐवजी आयोवातल्या, जॉन पॉल द्वितीय यांच्या नावाच्या संशोधन संस्थेला द्या. आक्षेप होता संशोधनात भ्रूणाच्या स्टेम सेल, म्हणजे ज्यांपासून शरीरातली कुठलीही पेशी बनू शकते अशा मूळ पेशी, वापरण्याला.

असोसिएशनचं तेव्हाचं म्हणणं असं: बहुतेक काम प्रौढ (जन्मलेल्या माणसाच्या शरीरातून घेतलेल्या) पेशींवर चालतं, भ्रूणपेशींचा अभ्यास एकच, त्याचा खर्च एका ठरावीक देणगीदाराचा, आणि त्या पेशी फार पूर्वी वेगळ्या केलेल्या. शिवाय ‘माझे पैसे यात नको’ असं देणगीदार सांगू शकतो.

ही अट वाटते तितकी भक्कम नाही. तुमचे शंभर डॉलर प्रौढ पेशींकडे गेले की दुसऱ्या कुणाचे शंभर मोकळे होतात. या खिशातले त्या खिशात. पाच-सहा दिवसांच्या भ्रूणातून पेशी काढताना तो नष्ट होतो. तो तुमच्या लेखी माणूसच असेल, तर अटीने मन शांत होईल, प्रश्न सुटणार नाही. मग आयोवाचीच वाट सरळ. ती संस्था आकाराने कितीतरी लहान आहे, पण भ्रूण न वापरण्याची तिची भूमिका जाहीर आहे. शिवाय जपानी शास्त्रज्ञ यामानाकांनी २००७ मध्ये माणसाच्या त्वचेच्या पेशींतून भ्रूणपेशींसारख्याच बहुगुणी पेशी घडवून दाखवल्यापासून ही वाट दुय्यमही उरलेली नाही.

आयव्हीएफमधून (टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारातून) उरलेले, नाहीतरी टाकून दिले जाणारे भ्रूण पालकांच्या संमतीने वापरण्यात ज्यांना गैर वाटत नाही, त्यांनी सरसकट द्यावं. माझा कल इकडेच. बुश सरकारने २००१ मध्ये नव्या भ्रूणपेशींसाठी सरकारी पैसा नाकारला, तेव्हा हार्वर्डच्या डग्लस मेल्टन यांनी खासगी पैशावर, मधुमेहाच्या एका धर्मादाय संस्थेच्याही मदतीने, भ्रूणपेशींच्या १७ नव्या पेशीरेषा (प्रयोगशाळेत वाढत राहणारे पेशींचे साठे) तयार केल्या आणि इतर संशोधकांना खुल्या केल्या. असं काम सावध देणग्यांवर उभं राहत नाही.

दोन्हीकडे मन घेत नसेल, तर रक्कम संशोधनाऐवजी रुग्णसेवेसाठी म्हणून द्या. एएलएसमध्ये हातपाय जातात, वाचा जाते, शेवटी श्वासही. चाकाची खुर्ची आणि बोलायला मदत करणारं यंत्र आजच्या आज लागतं.