गंजगोलाईतला वनौषधी चहा : दीड महिन्यानंतर

लातूरच्या गंजगोलाईत, सोळा रस्ते येऊन मिळतात त्या गर्दीतल्या एका काष्ठौषधींच्या दुकानातून मी दिवाळीनंतर वनौषधी चहाची 100 ग्रॅमची पुडी 180 रुपयांना घेतली. मुलगी बारावीला असून नीटच्या तयारीसाठी रात्री साडेअकरापर्यंत अभ्यास करते. तिला सोबत म्हणून जागताना माझे दोन-तीन कप चहा होत आणि मग अंथरुणाला पाठ टेकल्यावर तासभर डोळा लागत नसे. ‘ताणमुक्ती, गाढ झोप, सात दिवसांत फरक’ हे पुडीवरचे शब्द वाचूनच मी ती उचलली, हे कबूल करते.

पुडीत गवती चहाची वाळलेली पाती, तुळस, बडीशेप, ज्येष्ठमधाच्या काड्या आणि कॅमोमाइलची, म्हणजे आपल्याकडची युनानी दुकाने ज्याला बाबूना म्हणतात त्याची, फुले आहेत. चहाच्या झुडपाचे एकही पान नसल्यामुळे याला खरे तर काढाच म्हणायला हवे. फुले हरभऱ्याएवढी, मधली पिवळी बोंडे शाबूत, पाकळ्या मात्र बऱ्याचशा गळून पुडीच्या तळाशी भुसा झालेल्या. गरम पाणी ओतताच ती फुगून वर येतात आणि सफरचंदाच्या सालीसारखा मंद वास सुटतो.

पुडीवर ‘पाच मिनिटे उकळा’ असे लिहिले आहे. तसे केल्यास तुळस कडवटते आणि सगळा सुवास वाफेबरोबर निघून जातो. त्याऐवजी कपाला एक चमचा मिश्रण घेऊन त्यावर उकळते पाणी ओतावे आणि आठ-दहा मिनिटे झाकून ठेवावे. झाकण उचलल्यावर त्याच्या आतल्या बाजूला लोंबणाऱ्या थेंबांनाही गवती चहाचा वास येतो. ज्येष्ठमधामुळे साखर लागत नाही.

चौथ्या-पाचव्या दिवसापासून झोप लवकर लागू लागली, हे खरे. पण त्याचे श्रेय पुडीत जे आहे त्यापेक्षा जे नाही त्याला अधिक द्यावे लागेल. नेहमीच्या एका कप चहात साधारण 40 ते 50 मिलिग्रॅम कॅफीन असते आणि त्यातले निम्मे शरीरातून जायला सुमारे पाच तास लागतात. म्हणजे रात्री दहाला घेतलेल्या चहाचा निम्मा अंमल पहाटे तीनपर्यंत उरतो. खात्री करण्यासाठी मी मध्ये एक आठवडा नुसते बडीशेपेचे गरम पाणी प्यायले, तर झोप जवळजवळ तितकीच चांगली लागली. बाबूनातले एपिजेनिन हे द्रव्य मेंदूत, झोपेच्या काही गोळ्या जिथे काम करतात, त्याच ठिकाणी चिकटते; मात्र कपभर काढ्यात ते थोडेच उतरते. गवती चहाची तर ब्राझीलमधल्या संशोधकांनी 1986 मध्ये माणसांवर चाचणी घेतली होती आणि झोपेवर त्याचा काहीच परिणाम दिसला नव्हता. (माझ्या आजीला हे पटले नसते.) तरीही हा कप मी सोडलेला नाही, कारण झाकण ठेवून वाट पाहण्याच्या त्या दहा मिनिटांत मोबाइल हाती घेत नाही आणि मुलगीही पुस्तक मिटून शेजारी येऊन बसते.

माझी खरी तक्रार वेष्टनाबद्दल आहे. कोणता घटक किती, हे त्यावर नाही आणि इशाऱ्याचा एक शब्दही नाही. रोज भरपूर ज्येष्ठमध पोटात गेल्यास त्यातल्या ग्लायसिरायझिनमुळे शरीरात मीठ साचते, पोटॅशियम घटते आणि रक्तदाब वाढतो. घरात सासूबाईंना रक्तदाबाची गोळी चालू असताना हे मला छापील ओळीतून कळायला हवे होते. शिवाय बाबूना शेवंतीच्या कुळातला आहे, आणि आपल्याकडे बांधाबांधावर माजलेले गाजर गवतही त्याच कुळातले, त्यामुळे ज्यांच्या अंगाला या गवताची खाज सुटते त्यांनी हा चहा जपूनच घ्यावा. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

गेल्या आठवड्यात दुसरी पुडी ज्येष्ठमध वगळून मागितली. ‘ताई, मग गोडी कशाची येणार?’ असे म्हणत दुकानदाराने न कुरकुरता समोरच मिश्रण बांधले आणि मूठभर बडीशेप जास्त घातली. दर मात्र 180 रुपयेच लावला.