पावती होती, पॉलिसी नव्हती: मोटार विम्याच्या एका नूतनीकरण सेवेविषयी

मोटारीचा विमा मी काही वर्षे ज्या ऑनलाइन सेवेमार्फत नूतन करत आले, तिचे नाव येथे घेत नाही. जुनी पॉलिसी संपलेली आणि नवी सुरू न झालेली, अशा नेमक्या खंडात माझ्या हातून अपघात झाला. त्यामुळे या सेवेचा अनुभव बऱ्यापैकी खोलवर घेता आला.

मुदत संपल्याचे तीन दिवसांनी लक्षात आले. त्यात चूक माझीच, कारण स्मरणपत्रे माझ्या बंद पडलेल्या ईमेल पत्त्यावर जात होती. मी त्याच रात्री हप्ता भरला आणि पडद्यावर हिरवी खूण व ‘अभिनंदन’ हा शब्द झळकला. खंड पडलेल्या गाडीची पाहणी झाल्याशिवाय पॉलिसी जारी होणार नाही, ही अट मात्र त्याच पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत होती. दुसऱ्या दिवशी, पाहणीपूर्वीच, माझी गाडी पुढच्या गाडीवर आदळली. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही; माझा बंपर, एक हेडलाइट आणि रेडिएटर गेला, तर समोरच्या गाडीची डिकी आत दबली.

मदतकेंद्रातील बाईंचे मात्र मनापासून कौतुक करावे लागेल. घडून गेलेल्या नुकसानीला मागील तारखेचे संरक्षण मिळत नाही, हप्त्याची पावती म्हणजे पॉलिसी नव्हे आणि पॉलिसीवर छापलेली सुरुवातीची तारीख व वेळच धरली जाते, हे त्यांनी खोटी आशा न दाखवता सांगितले. समोरच्या मालकाला त्याच्या विमा कंपनीने भरपाई दिली, तरी ती कंपनी पुढे तेवढी रक्कम माझ्याकडून वसूल करू शकते, म्हणून दोन्ही गाड्यांचे फोटो आणि गॅरेजचे एस्टिमेट जपून ठेवावे, हेही त्यांनीच सुचवले. काही महिन्यांनी खरोखरच मागणीपत्र आले. मी सर्व्हेअरचा, म्हणजे नुकसानीचे मूल्यमापन करणाऱ्याचा, अहवाल मागवून फोटोंशी ताडून पाहिला, तेव्हा मागच्या दाराचा जुना पोचाही हिशोबात धरलेला आढळला. तो वगळून उरलेली रक्कम हप्त्यांनी फेडण्याचे लेखी ठरले. या एका सल्ल्याने माझे जेवढे पैसे वाचले, तेवढे सेवेच्या कोणत्याही सवलतीने कधी वाचले नव्हते.

पाहणी ठरवणाऱ्या प्रतिनिधीचा अनुभव नेमका उलटा होता. अपघातापूर्वीचे फोटो पाहणीसाठी पाठवून द्या, असे तो सहज सुचवत होता. तसे करणे म्हणजे नव्या पॉलिसीचा पायाच खोटा घालणे. पुढचा खरा दावाही मग त्याच कारणाने नाकारला जाऊ शकतो, आणि तेव्हा हा प्रतिनिधी फोन उचलेल याची हमी कोण देणार? मी नकार दिला, स्वखर्चाने दुरुस्ती केली, अपघात लेखी कळवला आणि पाहणी होऊन पॉलिसी हाती येईपर्यंत गाडी बाहेर काढली नाही. खंड थोड्या दिवसांचा असल्याने नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत, शाबूत राहिला. अर्थात दावा करण्याची सोयच नसल्यावर तो जाणार तरी कोठे!

मदतकेंद्रासाठी पूर्ण गुण देईन, नूतनीकरणाच्या पानासाठी एकही नाही. यंदा मी थेट विमा कंपनीकडे, मुदत संपण्याच्या बऱ्याच आधी हप्ता भरला. उत्सुकतेपोटी जुन्या सेवेचे पान उघडून पाहिले, तर पाहणीची अट अजूनही तळाशीच आहे.