मेळघाटच्या पायथ्याची रोशा तेलाची भट्टी: गवत द्यावं का?

रोशा या सुगंधी गवतातून वाफेने तेल काढणाऱ्या या भट्टीला गवत द्या, पण ते टाकून घरी निघून जाऊ नका. टाकी स्टीलची आहे, वाफ वेगळ्या बॉयलरमधून येते; त्यामुळे तेल फिकट पिवळं उतरतं, जळका वास येत नाही. लोखंडी टाकीत ते गंजाने लालसर होतं.

भरणी मात्र इथे घाईत करतात. पेंढ्या पायाने दाबून थराथराने भरल्या नाहीत, तर वाफ पोकळीतून सरळ वर निघते आणि बाजूच्या गवतातलं तेल तसंच राहतं. समोर उभं राहून दाबून घ्या. कंडेन्सरमधून (वाफ थंड करून तेल-पाणी उतरवणाऱ्या नळीतून) येणारी धार बोटावर घेऊन बघा. कोमट असेल तर ठीक, चटका बसला तर तेल उडून चाललंय. थंड पाणी वाढवायला सांगा.

फुलोऱ्यात कापून दिवसभर सावलीत सुकवलेल्या गवताला क्विंटलमागे साधारण अर्धा किलो उतारा पडतो. ओलं रचून ठेवलं की गवत तापतं आणि उतारा घटतो. मोतिया आणि सोफिया या रोशाच्या दोन जाती एका घाण्यात घालू देऊ नका. गुलाबाचा गंध देणारं जिरॅनिऑल मोतियात भरपूर असतं, भाव त्यालाच आहे. याच तेलाची एकेकाळी तुर्कस्तानात गुलाबतेलात भेसळ व्हायची!

शुद्धता तिथेच बघा: 70 टक्के अल्कोहोलच्या दोन भागांत एक भाग तेल स्वच्छ विरघळायला हवं. रॉकेल असेल तर गढूळ होतं. इथलं तेल या कसोटीला उतरतं.

प्लॅस्टिकचे कॅन घेऊ नका. ॲल्युमिनियमचे डबे न्या, काठोकाठ भरा.