हनुवटीची सर्जरी करून ७ महिने: दिसणं, घोरणं आणि चहाचा ओघळ

मागच्या आठवड्यात मीटिंगमध्ये समोरचा माणूस सारखं स्वतःच्या हनुवटीला बोट लावत होता, मला वाटलं विचारात पडलाय, तर माझ्या हनुवटीवरून चहा ओघळत होता आणि मला पत्ताच नाही. तेव्हा ठरवलं, आता लिहायचंच. इम्प्लांट की हाड कापून, या घोळात असलेल्यांनी वाचा, बाकी बेसिक माहिती तुम्ही काढलीच असणार.

माझी स्लायडिंग जिनिओप्लास्टी, म्हणजे हनुवटीचं हाड कापून पुढे सरकवायचं ऑपरेशन, ६ मिमी पुढे, टायटॅनियमची प्लेट आणि स्क्रू. खरं तर सिलिकॉनचं इम्प्लांटच करणार होतो, जवळपास निम्म्या पैशात होत होतं. पण माझ्या घोरण्यामुळे बायको दोन वर्षं हॉलमध्ये दिवाणावर झोपत होती, म्हणून डॉक्टरांना सहज विचारलं की घोरणंपण जाईल का हो. तेव्हा कळलं, इम्प्लांट हाडाच्या पुढच्या अंगाला बसतं, श्वासाशी त्याचं देणंघेणं नाही, ते फोटोपुरतं. हाड सरकवलं तर गोष्ट वेगळी, कारण हनुवटीच्या हाडाला आतून बारीक उंचवटे असतात आणि जीभ पुढे ओढणारा मुख्य स्नायू तिथून निघतो, तो तुकडा पुढे आला की स्नायूही ओढला जातो आणि झोपेत जीभ घशात मागे पडायची ती जरा कमी पडते. यातपण मेख आहे. काप खालून घेतला तर उंचवटे मागेच राहतात, म्हणजे हनुवटी पुढे आणि तो स्नायू जिथल्या तिथे. हे मी खोदून विचारलं नसतं तर कोणी आपणहून सांगितलं नसतं. माझा काप वरून घेतलाय. आणि ज्यांना मोठी हनुवटी मागे सरकवून घ्यायचीय त्यांनी तर दहादा विचारा, तिथे उलटा खेळ, श्वासाची वाट अरुंद होऊ शकते.

पहिले दोन आठवडे सूज, तोंड सुकलेलं, घोरणं आधीपेक्षा जास्त, तीन उशा लावून अर्धवट बसून झोपायचो. आईने पेज आणि वरणाचं पाणी यावर जगवलं. दोन महिन्यांनी मात्र फरक पडला, एक दिवस बायको न सांगता बेडरूममध्ये झोपायला आली आणि सकाळी म्हणाली, काल आवाजच नव्हता रे. मी खूश, पैसे वसूल.

इन्शुरन्सने कॉस्मेटिक म्हणून क्लेम उडवला, मी घोरण्याचं कारण पुढे केलं तर म्हणे ऑपरेशनच्या आधीचा स्लीप स्टडीचा (झोपेत श्वास कसा चालतो ते बघायची टेस्ट) रिपोर्ट पाठवा. तो कुठून आणू? साडेसहा हजार वाचवायला मी ती टेस्टच केली नव्हती, दीड लाखाच्या वर खर्च करणाऱ्या माणसाने.

इथवर लिहून ठेवलं होतं आणि मध्ये स्लीप टेस्टचा रिपोर्ट आला (शेवटी केली, दिवसा झोप येतच होती). वरचं खोडत नाही, पण "पैसे वसूल" हे जरा आवरतं घ्या. एएचआय १७, म्हणजे झोपेत तासाला १७ वेळा श्वास थांबतो किंवा अर्धवट येतो. १५ ते ३० म्हणजे मध्यम. डॉक्टर म्हणाले घोरणं कमी झालं म्हणजे श्वास थांबायचा थांबला असं नसतं, आणि झोपेत श्वास थांबायच्या या आजारासाठी करतात ते ऑपरेशन दोन्ही जबडे साधारण १० मिमी पुढे आणायचं, नुसती हनुवटी त्यापुढे किरकोळ. आता हे १७ आधी ४० होते का १८, देवाला माहीत. साडेसहा हजार.

आणि आता तो बधिर ठिपका, ज्याच्यामुळे मीटिंगमध्ये चहा ओघळलेला कळला नाही. खालच्या ओठाची-हनुवटीची नस दोन्ही बाजूंना दाढांच्या जरा पुढे हाडातल्या भोकातून बाहेर येते, कापताना ती ताणली जाते. बधिरपणा बहुतेकांचा काही महिन्यांत जातो, काहींचा राहतो. माझी डावी बाजू तिसऱ्या महिन्यात आली, उजवीकडे रुपयाच्या नाण्याएवढा तुकडा अजून मेलेला. दाढी करताना कापलं तर रक्त आरशात बघून कळतं, आमटीचा थेंब, भाताचं शीत, काही कळत नाही, पाहुण्यांकडे जेवताना मी दर दोन घासांनी हनुवटी पुसतो, बायको म्हणते वेड लागल्यासारखं वाटतं. दिसायला रिझल्ट एक नंबर आहे, पण ते बघायला मला वेळ कुठे, मी पुसतोय.

सध्या सीपॅपचं मशीन (झोपेत मास्कमधून दाबाने हवा देऊन श्वासाची वाट उघडी ठेवतं ते) भाड्याने आणलंय. नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क, आणि त्याचा खालचा काठ नेमका त्या बधिर तुकड्यावर बसतो, त्यामुळे तिथून हवा गळतेय हे मला कळत नाही, बायकोला कळतं. रात्रभर फुसफुस होते म्हणे.