रायझर चांगले, पण ब्रेकचा पाइप बघून घ्या
माझ्या हिमालयन मोटरसायकलला ३० मिलिमीटरचे रायझर, म्हणजे हँडल उंच करणारे ठोकळे, बसवले. उभं राहून चालवताना आता वाकावं लागत नाही, पाठीला खरंच आराम पडला. पण डब्यावर ‘पाइपला हात लावायची गरज नाही’ छापलंय, ते साफ चूक आहे! हँडल पूर्ण वळवलं की पुढच्या ब्रेकचा पाइप तारेसारखा ताठ व्हायचा. आमच्या मिस्त्रींनी टाकी काढली, क्लिप सोडवून पाइप मोकळ्या वाटेनं फिरवला. बँजो बोल्ट (पाइप ब्रेकला जोडणारा पोकळ बोल्ट) सैल करून कोन बदलला, तांब्याचे वॉशर नवे टाकले, डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल भरून पाइपमधली हवा काढली. ब्रेकचा लिव्हर पुन्हा कडक लागेपर्यंत त्यांनी गाडी माझ्या हातात दिली नाही. रायझरला तीन स्टार, मिस्त्रींना पाच.