५०० वॅटचे स्टर्लिंग इंजिन: मी कसा फसलो

सूर्याच्या उष्णतेवर चालणारे स्टर्लिंग इंजिन घरी बनवायचा ध्यास ज्यांनी घेतला आहे, त्यांनी कुणालाही पैसे पाठवण्याआधी हे वाचावे म्हणून लिहितो आहे. माझे पैसे गेले ते गेले, पण ज्या व्हिडिओला मी भुललो तो अजून फिरतोच आहे.

पत्र्याच्या डब्यांचे छोटे इंजिन मी आधी स्वतः केले होते. डब्यात सैल बसणारा डिस्प्लेसर (आतली हवा गरम आणि गार बाजूंमध्ये ढकलणारा तुकडा), फुग्याचे रबर ताणून केलेला पडदा, सायकलच्या स्पोकचा क्रँक आणि खाली मेणबत्ती. ते पहिल्यांदा आपले आपण फिरू लागले तो क्षण मी विसरणार नाही. ना वाफ, ना स्फोट. आत कोंडलेली तीच हवा तापते, फुगते, निवते, आकसते आणि चाक फिरत राहते. रॉबर्ट स्टर्लिंग या स्कॉटिश धर्मोपदेशकाने १८१६ साली या इंजिनाचे पेटंट घेतले. मला ते मेणबत्तीऐवजी उन्हावर चालवायचे होते. १२० सेंटीमीटर व्यासाची एक जुनी डिश मिळवून तिच्यावर चकचकीत फिल्मच्या पट्ट्या चिकटवल्या. नाभीत, म्हणजे किरण एकवटतात त्या जागी, धरलेली फळी लगेच धुमसायला लागे. अडले ते इंजिनापाशी. पिस्टन आणि सिलिंडर अचूक कातायला माझ्याकडे लेथ नव्हता.

तेव्हा तो व्हिडिओ दिसला. डिशच्या नाभीत बसवलेले, दोन्ही हातांच्या ओंजळीत मावेल एवढे इंजिन, पट्ट्याने जोडलेला जनरेटर आणि झगझगीत पेटलेले दिवे. ‘तयार संच, ५०० वॅट, फक्त डिशवर बसवा.’ मी फोन केला. माणूस अतिशय अदबीने बोलला. डिस्प्लेसर, रिजनरेटर (जाणाऱ्या हवेची उष्णता साठवून परत देणारी जाळी), मृत आकारमान, सगळे शब्द त्याला ठाऊक होते, आणि त्यानेच माझा विश्वास बसला. ज्याला विषय कळतो तो फसवणार नाही, असे मी मनाशी धरून चाललो. आधी निम्मे पैसे मागितले. मग ‘शेवटचे दोनच संच उरलेत’ म्हणून उरलेले. मग पॅकिंगचे वेगळे. सगळे थेट खात्यात, पावतीशिवाय. नंतर दोन महिने रोज नवे कारण.

खोके आले तेव्हा वरून सगळे देखणे होते, पॉलिश केलेले. चाक हाताने फिरवले, तर दोन वेढ्यांत थांबले. पिस्टन सिलिंडरात घातला, दुसरे तोंड अंगठ्याने दाबून सिलिंडर उभा धरला. चांगला पिस्टन अशा वेळी हवेच्या गादीवर हळूहळू उतरतो. हा दगडासारखा खाली पडला. उन्हात लावल्यावर पाचेक मिनिटांत गार बाजूही हात लावू देईना, कारण गरम टोपी आणि सिलिंडर एकाच सलग अॅल्युमिनियमचे होते. एका टोकाला गरम आणि दुसऱ्याला गार, या फरकावरच हे इंजिन जगते. तो फरकच उरला नाही. रिजनरेटर म्हणून आत भांडी घासायची तारेची घासणी कोंबली होती.

तरी मी आठवडाभर स्वतःलाच दोष देत राहिलो. माझी डिश नीट नसेल, मी सूर्याचा माग नीट ठेवत नसेन. (हे खरेच अवघड असते. सूर्य दर ४ मिनिटांना एक अंश सरकतो. नाभी ६० सेंटीमीटरवर असेल तर तेवढ्यात तेजाचा ठिपका एक सेंटीमीटर हलतो.) मग एका संध्याकाळी क्रँक सोडवला आणि सगळे उलगडले. डिस्प्लेसर पिस्टनच्या सुमारे ९० अंश पुढे चालावा लागतो. इथे दोन्ही खिळ्या एकाच रेषेत वेल्ड केल्या होत्या. कितीही ऊन दिले तरी हे इंजिन फिरणे शक्य नव्हते. ते कधीच चालले नव्हते.

मग व्हिडिओत काय फिरत होते? पुन्हा पाहिला, या वेळी थांबवून थांबवून. जनरेटर म्हणून जोडलेली ती छोटी मोटर होती आणि तिची एक वायर टेबलाखाली जात होती. म्हणजे मोटरच इंजिन फिरवत होती. दिवे जोडले तेव्हा चाकाचा वेग तसूभरही कमी झाला नाही. खरे इंजिन भार पडताच दबते. स्टँडची सावली डावीकडे पडली होती आणि डिशचे तोंडही डावीकडेच होते. डिश सूर्याकडे पाठ करून उभी होती.

मला सगळ्यात लागते ते हे, की गणित माझ्या हातात होते आणि मी ते केले नाही. १२० सेंटीमीटरच्या डिशचे क्षेत्रफळ १.१३ चौरस मीटर. स्वच्छ दुपारी चौरस मीटरवर सुमारे १००० वॅट ऊन पडते, म्हणजे एकूण ११०० वॅटच्या आसपास. त्यातून ५०० वॅट वीज काढायची तर कार्यक्षमता ४४ टक्के हवी. अमेरिकेच्या सँडिया प्रयोगशाळेत २००८ साली उच्च दाबाच्या हायड्रोजनवर चालणाऱ्या इंजिनाने आणि अचूक आरशांनी ३१.२५ टक्क्यांचा विक्रम केला होता. घरच्या फिल्म लावलेल्या डिशवर त्याच्या जवळजवळ दीडपट कोण देणार?

इंजिनाचा अंदाज तर आणखी सोपा. स्टर्लिंग इंजिनांवर काम केलेल्या विल्यम बील या अभियंत्याचा ठोकताळा असा: दाब बारमध्ये, पिस्टन एका धावेत व्यापतो ते आकारमान घन सेंटीमीटरमध्ये, सेकंदाचे फेरे, यांचा गुणाकार करायचा आणि त्याला ०.०१५ ने गुणायचे. माझ्या संचातला पिस्टन ४० मिलिमीटर व्यासाचा, धाव ३२ मिलिमीटर, म्हणजे ४० घन सेंटीमीटर. साधी हवा, म्हणजे १ बार. मिनिटाला ६०० फेरे, म्हणजे सेकंदाला १०. उत्तर येते ६ वॅट, तेही सगळे नीट जुळले तर. ५०० वॅटला आत ८० बारहून जास्त दाब लागेल, आणि या इंजिनाचा क्रँक तर उघडा होता, म्हणजे दाब कोंडून ठेवायची सोयच नव्हती.

हे सगळे विक्रेत्याला लिहून पाठवल्यावर त्याने फोन उचलणे बंद केले. बँकेत आणि पोलिसांत तक्रार दिली आहे. पैसे परत आलेले नाहीत. त्याचे मेसेज, खाते क्रमांक आणि व्हिडिओची प्रत मी जपून ठेवली म्हणून निदान तक्रार तरी घेतली गेली. तुम्हीही पहिल्या दिवसापासून ठेवा.

मागच्या महिन्यात एका विद्यार्थ्याने मला तोच व्हिडिओ दाखवला. प्रकल्पासाठी संच घ्यायचा होता आणि आगाऊ रक्कम दुसऱ्या दिवशी भरायची होती. मी त्याला विक्रेत्याकडे एवढेच मागायला सांगितले: पिस्टनचा व्यास आणि धाव, आतला दाब, आणि न कापलेला एक व्हिडिओ, ज्यात पट्टा काढून टाकलेला आहे, डिशसमोर पुठ्ठा धरला की चाक मंदावत थांबते आणि पुठ्ठा काढून हाताने एक वेढा दिला की पुन्हा चालू होते. त्याने तसा मेसेज केला. संध्याकाळपर्यंत विक्रेत्याने त्याला ब्लॉक केले होते.