हीट पंपासाठी वेगळे मीटर: श्टुटगार्टजवळच्या दोन हिवाळ्यांचा हिशेब

जर्मनीत हीट पंप, म्हणजे बाहेरची उष्णता आत आणून घर तापवणारे विजेचे यंत्र, बसवताना बहुतेक कुटुंबे यंत्राच्या निवडीवर महिनोन्‌महिने घालवतात आणि मीटरचा निर्णय इलेक्ट्रिशियनवर सोपवतात. आम्हीही तेच करणार होतो. मात्र वीज कोणत्या दराने मिळणार हे मीटर कसे जोडले आहे यावर ठरते, आणि ती जोडणी नंतर बदलणे महाग पडते. म्हणून वेगळ्या मीटरवरील हीट पंप दराचे हे परीक्षण सविस्तर लिहीत आहे.

१ जानेवारी २०२४ नंतर बसवलेला, ४.२ किलोवॅटपेक्षा अधिक वीज घेऊ शकणारा हीट पंप ऊर्जा कायद्याच्या कलम १४अ खाली येतो. या मोजणीत आतला पूरक विद्युत हीटरही धरला जातो, त्यामुळे लहान पंपही सहसा ही मर्यादा ओलांडतात. वाहिन्यांवर ताण आला तर वितरण कंपनी आपला वापर काही काळ ४.२ किलोवॅटपर्यंत खाली आणू शकते, पण वीज पूर्ण तोडू शकत नाही. आमचा कॉम्प्रेसर जेमतेम तीन किलोवॅट घेतो, त्यामुळे या नियंत्रणाची झळ आम्हाला एकदाही जाणवली नाही.

या नियंत्रणाच्या बदल्यात वहन आकारात, म्हणजे वीज वाहून आणण्याच्या शुल्कात, सूट मिळते. (महावितरणच्या बिलावरचा वहन आकार ज्यांना आठवतो, त्यांना ही रचना लगेच समजेल.) पहिल्या पर्यायात घराचे एकच मीटर राहते आणि वर्षाला ठरावीक रक्कम वजा होते, आमच्या भागात ती सुमारे १५० युरो आहे. दुसऱ्या पर्यायात हीट पंपाला स्वतंत्र मीटर लागते, पण त्यावरच्या प्रत्येक युनिटचा वहन आकार ६० टक्क्यांनी कमी होतो आणि दोन अधिभारही माफ होतात.

आम्ही दुसरा पर्याय घेतला. घरगुती दर ३४ सेंट, हीट पंपाचा २६ सेंट. आमचे घर जुने असल्यामुळे पंपाला वर्षाला सुमारे ५,२०० युनिट लागतात, म्हणजे ४१६ युरोंची बचत झाली. त्यातून दुसऱ्या मीटरचे भाडे आणि पुरवठादाराचा, म्हणजे वीज विकणाऱ्या कंपनीचा, स्थिर आकार मिळून १७० युरो गेले. उरलेले २४६ युरो पहिल्या पर्यायापेक्षा शंभरहून कमी युरोंनीच अधिक आहेत. आधीच्या मालकांकडे रात्रीच्या स्वस्त विजेवर चालणारे हीटर होते, त्यामुळे मीटरच्या कपाटात दुसरी जागा तयार होती. ती नसती तर नव्या कपाटासाठी सांगितलेला हजाराहून अधिक युरोंचा खर्च भरून निघायला दहा वर्षे लागली असती. चांगले उष्णतारोधन असलेल्या, तीन-साडेतीन हजार युनिटांत भागणाऱ्या घराला मी पहिलाच पर्याय सुचवीन.

छपरावर सौर पॅनेल असतील तर हिशेब आणखी बदलतो, कारण साध्या वेगळ्या मीटरमागे असलेल्या पंपापर्यंत स्वतःची वीज पोहोचत नाही. मीटर एकामागे एक जोडून हे साधता येते, पण त्या जोडणीतली मोजणी नीट समजलेला कारागीर आम्हाला शोधूनही मिळाला नाही.

बाजारभावानुसार दिवसभर बदलत राहणारा दर २०२५ पासून प्रत्येक पुरवठादाराने देणे बंधनकारक आहे. तो आम्ही विचारपूर्वक टाळला. १२ डिसेंबर २०२४ च्या संध्याकाळी घाऊक बाजारात एका युनिटचा भाव ९० सेंटांवर गेला होता. वारा नाही, ऊन नाही, आणि पंपाला सर्वाधिक वीज लागते ती नेमकी अशाच दिवसांत. मोठी बॅटरी किंवा उष्णता धरून ठेवणारी जाड काँक्रीटची जमीन असलेल्या घरांना तो दर परवडू शकेल.

सेवेबद्दल मात्र तक्रार आहे. स्मार्ट मीटर बसवायला मीटर कंपनीने पाच महिने लावले, आणि पुरवठादाराच्या पहिल्या वार्षिक बिलात ६० टक्क्यांची सूट लावलेलीच नव्हती, कारण आमची निवड पुढे कळवली गेली नव्हती. ही सूट बिलावर स्वतंत्र ओळीत दिसायला हवी. ती दिसली नाही तर फोनवर न थांबता लेखी तक्रार करावी. आमची रक्कम पत्र पाठवल्यानंतर सहा आठवड्यांनी परत मिळाली.